आधी उपकार, मग आज्ञा

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर चपला घालता घालता एका तरुणाने आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, आमच्या घरी भांडण झालं की वडील एकच गोष्ट ऐकवतात. तुला वाढवलं, परभणीत खोली करून शिकवलं, आता माझं ऐकायचं. तुमचा देवही तेच म्हणतो ना? तुला मिसरातून सोडवलं, आता माझ्या आज्ञा पाळ. मग दोघांत फरक काय?"

आम्ही त्याला म्हटलं, पुढच्या वेळी ये. वेळ मारून नेण्यासाठी नव्हे, तर उत्तर खरोखरच तयार नव्हतं म्हणून. चाळीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला आणि जन्माने ख्रिस्ती असलेला माणूस या प्रश्नाला तोंड देताना अडखळतो, हे कबूल करायला हरकत नाही. आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे. तो आलाय की नाही ते दिसत नाही, मागे अंधार आहे. असो.

प्रश्न नीट मांडू या. ख्रिस्ती धर्मात देवाच्या आज्ञा आहेत, आणि त्या पाळायच्या असतात. का पाळायच्या, याची साधारण तीन उत्तरं लोक देतात. पहिलं, न पाळल्यास शिक्षा होईल. दुसरं, पाळल्यास बक्षीस मिळेल. तिसरं, देवाने आपल्यावर इतके उपकार केले आहेत, तर निदान एवढं तरी करावं. पहिली दोन उत्तरं कोणत्याही विचारी माणसाला थोडी कमी दर्जाची वाटतात, एकात भीती आहे आणि दुसऱ्यात लोभ. तिसरं मात्र उदात्त वाटतं. आणि त्या पोराने नेमकं तिसऱ्यावरच बोट ठेवलं. उपकार दाखवून आज्ञा द्यायची, यात उदात्त काय आहे? सावकारही तेच करतो.

मराठीत यासाठी एक फार अचूक शब्द आहे, मिंधा. मिंधा म्हणजे नुसता ऋणी नव्हे. ऋणी माणूस फेडून मोकळा होतो. मिंधा माणूस मान वर करून बोलू शकत नाही, त्याचं मत गहाण पडलेलं असतं. आम्हाला हा शब्द पुस्तकातून कळलेला नाही. कॉलेजात असताना एका ओळखीच्या गृहस्थांनी आमची दोन वर्षांची फी भरली. पैसे थोडे होते, पण आमच्या घराला तेवढेही जड होते. पुढे वीस वर्षं ते गृहस्थ कोणत्याही लग्नात भेटले की चारचौघांत खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "याला आपण शिकवला." त्यांच्या पत्रांचे मसुदे आम्ही लिहिले, त्यांच्या मुलाच्या प्रवेशासाठी खेटे घातले, आणि एकदा त्यांच्या एका चुकीच्या कामाबद्दल तोंड मिटून बसलो. फी कधीच फिटली होती, आम्ही तेवढे पैसे नेऊनही दिले होते. ते घेऊन हसले आणि म्हणाले, "अरे, पैशाचं काय!" खरंच होतं ते. पैशाचं काहीच नव्हतं.

ॲरिस्टॉटलने थोर मनाच्या माणसाचं वर्णन करताना म्हटलंय की त्याला उपकार करायला आवडतं आणि उपकार घ्यायची लाज वाटते, कारण घेणारा खाली येतो. आम्ही वर्गात हे शिकवताना पोरं हसायची. मराठवाड्यातल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नसे.

आता बायबलकडे वळू. दहा आज्ञा सगळ्यांना ऐकून माहीत असतात, पण त्या कुठे येतात ते पाहा. निर्गम नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात. त्याआधी काय घडतं? बाराव्या अध्यायात गुलाम लोक मिसर सोडतात. चौदाव्यात समुद्र ओलांडतात. सोळाव्यात त्यांना रानात मान्ना मिळतो, सतराव्यात खडकातून पाणी. म्हणजे सुटका झाली, अन्न मिळालं, पाणी मिळालं, आणि मग डोंगराशी आल्यावर आज्ञा. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली, असं तिथे कुठेच नाही. ते लोक तर वाटेत सारखे कुरकुरत होते. शिवाय दहा आज्ञांच्या आधी देव स्वतःची ओळख करून देतो, की तुम्हाला दास्यातून काढणारा तो मी. यहुदी परंपरा या ओळखीलाच दहा वचनांपैकी पहिलं वचन मानते. आज्ञा नसलेलं वाक्य पहिलं धरायचं, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतं.

तर क्रम आधी उपकार, मग आज्ञा, हा खराच आहे. पोराने वाचन बरोबर केलंय. पण त्याने एक गोष्ट पाहिली नाही, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं आम्हीही पाहिली नव्हती. त्या आज्ञा कुणाच्या उपयोगाच्या आहेत?

शब्बाथाची आज्ञा घेऊ, आठवड्यातून एक दिवस काम बंद. ही आज्ञा बायबलात दोनदा येते, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे कारण वेगळं दिलेलं आहे. निर्गमात कारण सृष्टीचं आहे, देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विश्रांती घेतली. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात तीच आज्ञा आहे, पण कारण असं आहे की तू मिसरात गुलाम होतास हे आठव. आणि तिथे मुद्दाम म्हटलंय की तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. म्हणजे बघा, उपकार झाला इस्राएल लोकांवर. आज्ञा आली इस्राएल लोकांना. पण सुट्टी मिळते ती त्यांच्या घरच्या गड्याला, मोलकरणीला, बैलाला, गाढवाला. बैलाचाही उल्लेख आहे तिथे, आपल्या पोळ्याच्या मुलखात हे सांगायला बरं वाटतं.

अनुवादाचा पंधरावा अध्याय यापेक्षाही पुढे जातो. सहा वर्षं राबलेल्या गुलामाला सातव्या वर्षी सोडायचं, आणि सोडताना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. कळपातलं, खळ्यावरचं, द्राक्षकुंडातलं द्यायचं. कारण पुन्हा तेच, तूही गुलाम होतास आणि तुला सोडवलं. चोविसाव्या अध्यायात सरव्याची गोष्ट आहे. कापणी करताना एखादी पेंढी शेतात विसरली तर परत आणायला जाऊ नकोस, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. सरवा वेचणाऱ्या बाया आमच्या लहानपणी ज्वारीच्या प्रत्येक काढणीला दिसत, तेव्हा हा अध्याय आम्हाला परदेशी कधी वाटला नाही. मालक चांगला असेल तर मुद्दाम चार कणसं मागे ठेवायचा. नसेल तर ओरडायचा. इथे तर देवाचा हुकूमच आहे की मागे ठेव. आणि कारण? मिसर आठव.

आमच्या फी भरणाऱ्या गृहस्थांच्या आणि या देवाच्या मागण्यांत फरक इथे आहे. त्या गृहस्थांना परतफेड स्वतःकडे हवी होती. मसुदे त्यांचे, खेटे त्यांच्या मुलासाठी, मौन त्यांच्या सोयीचं. या आज्ञांमध्ये उपकार परत वर जात नाही, तो बाजूला वळतो, तिसऱ्या माणसाकडे.

कुणी म्हणेल, पहिल्या आज्ञा तर देवाच्याच मानाच्या आहेत, दुसरे देव नकोत, मूर्ती नको. बरोबर आहे, त्या आहेत. त्या टाळून पुढे गेलो तर ते अप्रामाणिकपणाचं होईल. आमचं वाचन असं की ज्या लोकांनी फारोला देव मानणाऱ्या देशात विटा पाडल्या, त्यांना पुन्हा कुठल्या फारोच्या पायी डोकं ठेवायचं नाही, असं सांगणं हे त्यांच्या सुटकेचाच भाग आहे. पण हे आमचं वाचन झालं. ज्याला हे पटत नाही त्याच्याशी आम्ही भांडणार नाही, निदान आज नाही.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1797 च्या आपल्या ग्रंथात कृतज्ञतेला पवित्र कर्तव्य म्हटलं. पवित्र का, तर ते कधीच पुरतं फिटत नाही. उपकार करणारा पहिला होता, आणि पहिलेपणाची परतफेड करता येत नाही. आपण कितीही केलं तरी दुसरेच. हे मिंधेपणाचं तत्त्वज्ञान झालं असं वाटेल. पण तोच कांट पुढे म्हणतो की ज्याने उपकार केला तो आता नसेल, तर तेच इतरांसाठी करावं. आपल्याकडच्या जुन्या ऋणकल्पनेतही हे आहे. ऋषिऋण फेडायचं ते ऋषींना पैसे देऊन नव्हे, विद्या शिकून आणि शिकवून. पितृऋण फिटतं ते पुढच्या पिढीत. आम्ही ख्रिस्ती असलो तरी ही गोष्ट आम्हाला कुठल्याही चर्चमध्ये शिकण्याआधी शेजाऱ्यांच्या घरात ऐकू आलेली आहे, आणि तिचं ऋण मान्य करतो.

आता येशूचा एक दाखला. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. एका राजाचा चाकर दहा हजार तालांतांचा देणेकरी असतो. तो पाया पडतो, राजाला दया येते, सगळं माफ होतं. बाहेर पडल्यावर त्याला दुसरा चाकर भेटतो, जो याचं शंभर दीनार देणं लागत असतो. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

लोक या दाखल्यातले आकडे वाचून पुढे जातात. आपण हिशेब करू. दीनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आणि दुसऱ्याचं देणं शंभर दिवसांचं. आता इथे जपून. प्रवचनकार शंभर दीनारांना "क्षुल्लक" म्हणतात. क्षुल्लक नाहीत ते. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्याने एका कुटुंबाला वर्षाकाठी हमी दिली ती शंभर दिवसांचीच. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीवर चूल विझते. येशूने आकडा विचारपूर्वक निवडलाय. क्षमा करणं सोपं आहे असं तो म्हणत नाही. दुसऱ्याने तुमचं खरोखरच देणं आहे, ते सोडणं दुखणार आहे. फक्त ते सहा कोटींच्या शेजारी ठेवून बघा, एवढंच तो सांगतो.

आणि एक बारकावा. चाकराने राजाकडे माफी मागितलीच नव्हती. त्याने मुदत मागितली होती. थांबा, सगळं फेडतो, असं म्हणाला होता. दोन लाख वर्षांचं देणं फेडतो म्हणणारा माणूस! राजाने मुदत न देता कर्जच सोडलं, पण आम्हाला वाटतं ते त्याच्या कानात शिरलंच नाही. तो मनाने अजून देणेकरीच होता. म्हणून बाहेर पडताच वसुलीला लागला. ज्याला मिळालेली सूट खरी वाटत नाही, तो दुसऱ्याला सूट देऊ शकत नाही.

हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. 2019 च्या डिसेंबरात राज्य सरकारने दोन लाखांपर्यंतची पीककर्जं माफ केल्याची घोषणा केली. आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याचं नाव यादीत आलं, अंगठा लावून आला, पेढे वाटले. त्यानंतरच्या पाडव्याला त्याच्या सालगड्याने साल सोडायचं म्हटलं. त्याच्यावर उचलीचे अठरा हजार निघत होते, बायकोच्या दवाखान्यात गेलेले. शेतकऱ्याने सांगितलं, आधी उचल फेड, मग जा. गडी आणखी एक वर्ष राबला. तो शेतकरी वाईट माणूस नाही. त्याला विचारलं तर म्हणेल, सरकारने माझं माफ केलं ते सरकारचं, माझं गड्याकडे आहे ते माझं. हिशेब बिनचूक आहे. राजाच्या चाकराचाही हिशेब बिनचूकच होता.

दाखल्याचा शेवट कडक आहे. राजा त्या चाकराला परत बोलावतो आणि पिळून काढणाऱ्यांच्या हवाली करतो. म्हणजे माफीला अट होती तर! आमच्या तरुणाने हा अध्याय वाचला तर तो म्हणेलच. त्यावर आम्ही वर्षानुवर्षं विचार केला आहे. शेवटी आम्हाला जे उमगलं ते एवढंच, की राजा त्याला "माझे पैसे बुडवलेस" असं म्हणत नाही. "त्याच्यावर दया का केली नाहीस" असं विचारतो. राजाची तक्रार स्वतःसाठी नाही, त्या तुरुंगातल्या दुसऱ्या चाकरासाठी आहे. तो माणूस दाखल्यात आत पडलेला आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारा राजाच आहे. तरीही शिक्षेचं ते वाक्य आम्हाला टोचतं, आणि ते टोचत राहावं असं वाटतं.

आता पुस्तकातून बाहेर, महाराष्ट्रात. हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात हाडामांसाचा झाला अशी एक व्यक्ती आपल्याकडे होऊन गेली, पंडिता रमाबाई. त्यांचं चरित्र आपल्याला शाळेत समाजसुधारक म्हणून चार ओळींत शिकवलं जातं. त्यातलं आजच्या विषयापुरतंच सांगतो.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारे, तीर्थयात्रा आणि पुराणं सांगत फिरणारं कुटुंब. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण भुकेने आणि आजाराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास झाडपाला खात, पायी हिंडत जगले. पुढे भाऊही गेला, लग्न झालं, आणि दोनच वर्षांत पती बिपिनबिहारी मेधावी वारले. 1883 मध्ये छोट्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथलं आपलं काम दाखवलं, समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथवर सगळं उपकाराचं आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना छप्पर दिलं, शिक्षण दिलं, लेकीला सांभाळलं. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता, रमाबाई त्यांना पत्रात आजीबाई म्हणत. आणि मग खटके उडू लागले. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत आणि शिकवत होत्या, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं का यावर बिशपांनी हरकत घेतली. त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. सिस्टर जेराल्डीनना ही कृतघ्नता आणि अहंकार वाटला. इतकं केलं हिच्यासाठी, आणि हिला साधं ऐकता येत नाही! रमाबाईंनी 1885 मध्ये जे उत्तर दिलं त्याचा आशय असा, की इकडच्या पुरोहितांचं जू आत्ताच कुठे मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं जू मी देवाची आज्ञा म्हणून मानेवर घेणार नाही. हा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मूळ इंग्रजीत आहे. ज्यांना जमेल त्यांनी वाचावा, आम्हाला तो कित्येक धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो.

कारण बघा, या बाईंना उपकाराची जाण नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. आजीबाईंशी त्यांचं नातं पुढेही टिकलं. पण ज्यांनी चांगलं केलं त्यांची आज्ञा आणि देवाची आज्ञा या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्यांनी सत्तावीस वर्षांच्या वयात ओळखलं. आमच्यात ते वयाच्या चाळिशीपर्यंत नव्हतं, हे मघाशी सांगितलंच.

आता एक अडचण आमच्या आजच्या मांडणीलाच. आम्ही म्हणतोय आधी अनुभव, मग आज्ञापालन. रमाबाईंनी पुढे 1907 मध्ये आपली साक्ष लिहिली, तिच्यात त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो त्यानंतर आठेक वर्षांनी. म्हणजे 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तो आतला अनुभव आलेला नव्हता, आणि काम मात्र सुरू झालं होतं. मग क्रम उलटा झाला का? आम्हाला वाटतं, घडण्याचा क्रम आणि उमगण्याचा क्रम वेगळा असतो. दुष्काळातून ही मुलगी वाचली ती 1870 च्या दशकात. ते वाचणं कुणी दिलेलं होतं, हे तिला कळायला पुढची वीस वर्षं लागली. इस्राएल लोकांनाही मान्ना खाताना तो काय आहे हे कळत नव्हतं, मान्ना या शब्दातच "हे काय?" असा प्रश्न आहे असं तो अध्याय सुचवतो.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी तेव्हा आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या, आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. तिथून शेकडो मुली आणि विधवा घेऊन आल्या, सुमारे तीनशे. केडगावला जमीन घेतलेली होतीच, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजाराच्या घरात गेली. विहिरी, शेती, गुरं, विणकाम, छापखाना. झाडपाला खाल्लेल्या मुलीने झाडपाला खाणाऱ्या मुलींना आणलं. हे काम करून देवाचे उपकार फेडले असं त्या म्हणाल्या नसत्या. त्या मुली त्यांना कुठल्याशा पारड्यात टाकायच्या नव्हत्या, जेवू घालायच्या होत्या.

पण इथेच तो जुना प्रश्न रमाबाईंकडे वळतो. 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. टिळकांच्या केसरीने झोड उठवली. टीकाकारांचा मुद्दा साधा होता. आसरा दिला आहे, तो स्वीकारणारी मुलगी लहान आहे, निराधार आहे, मग तिने निवडलेला धर्म तिने निवडला असं कसं म्हणायचं? आम्ही ख्रिस्ती लोक या टीकेला फार लवकर "विरोधकांचा द्वेष" म्हणून बाजूला सारतो. ते चूक आहे. रमाबाईंनी जेराल्डीनना जे विचारलं होतं, तेच लोक रमाबाईंना विचारत होते. रमाबाईंचं म्हणणं असं की कुणावर सक्ती नाही, माझी खोली आणि माझी प्रार्थना उघडी आहे, ज्याला यायचं त्याने यावं. सक्ती नव्हतीच. पण मिंधेपणाला सक्ती लागत नाही.

हा प्रश्न आमच्या घरातला आहे, म्हणून इतकं बोलतो. आमचे पणजोबा छप्पन्नच्या दुष्काळानंतर, म्हणजे 1900 च्या सुमारास, मिशनच्या आसऱ्याला गेले आणि ख्रिस्ती झाले. हा सगळा निजामाचा मुलूख तेव्हा. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी त्याच्या बऱ्याच आधी बेथेल वसवलं होतं, ते नाव या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत आम्हाला एकदा एका पोराने म्हटलं, "तुमचे लोक भाकरीसाठी बाटले." घरी येऊन आजीला विचारलं. आजी जात्यावर होती. ती म्हणाली, "हो, भाकरीसाठी. भूक लागली होती." एवढं बोलून परत दळायला लागली.

आम्हाला तेव्हा राग आला होता, आजीने काहीतरी तेजस्वी बोलायला हवं होतं असं वाटलं. आज वाटतं, तिचं उत्तर बरोबर होतं. भाकरीची लाज कशाला? मान्ना काय होता? ज्याने भाकरी देऊन त्या बदल्यात मान मागितली, लाज त्याची. पणजोबांकडून तशी मागणी झाली की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. आजीबद्दल मात्र सांगता येतं. 1972 च्या दुष्काळात आमची आई पाझर तलावाच्या कामावर जायची, रेशनवर अमेरिकेची मिलो यायची, लाल, गुरांच्या चाऱ्याची म्हणून लोक नाक मुरडायचे. आजी त्या मिलोच्या भाकरी करायची आणि तीन भाकरी रोज बाजूला काढायची. गल्लीत एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्याकडे कामावर जाणारं कुणी नव्हतं. ते आमच्या धर्माचे नव्हते आणि आजीने त्यांना कधी चर्चला बोलावलं नाही. आम्ही कॉलेजात जाणारे शहाणे, तिला म्हटलं, आपल्यालाच पुरत नाही. ती म्हणाली, आपल्याला कुठं पुरत होतं?

जात्यावरून आठवलं. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंच्या परंपरेत देव येऊन दळू लागतो. देव आला म्हणून जनाबाईंचं दळण सुटलं नाही, आणि दळलेलं पीठ एकट्या जनाबाईंसाठी नव्हतं. आमचा तिच्या भक्तीवर हक्क नाही, पण शेजारी म्हणून एवढं दिसतं.

मागे बसलेल्या आमच्या तरुण मित्राला एवढंच सांगायचं, की वडिलांशी कसं बोलावं हे बायबल थेट सांगेलच असं नाही. आईबापाचा मान राख, अशी आज्ञा त्यात आहे, ती आम्ही लपवणार नाही. पण मान राखणं म्हणजे मिंधं राहणं नव्हे. वडिलांनी खोली करून दिली ती खरी. ती फेडायची झाली तर कधीतरी कुणा पोराची खोली तू कर. वडिलांना हे पटेल की नाही ते आम्ही सांगू शकत नाही. ते म्हणतील, माझ्या पैशाने गावाचं भलं कशाला. म्हणू देत.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईलाही समजेल अशा भाषेत, कित्येक वर्षं खपून त्यांनी ते केलं. मनोरमा 1921 मध्ये गेली, रमाबाई 5 एप्रिल 1922 ला. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली आणि बाया होत्या, दुष्काळातून आलेल्या. 1924 मध्ये ग्रंथ बाहेर पडला. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातलं ते सरव्याचं कलमही त्यांच्यापैकीच कुणीतरी अक्षर अक्षर उलटं धरून जुळवलं असणार.

आज इथे थांबू. दिवे लावा, मागे कोण कोण बसलंय ते बघू द्या.